गूगल केलं म्हणजे संशोधन झालं का? प्रशिक्षण घेतलेल्यांनी लिहा

मुलुंडकरीण

जाहिरातीच्या धंद्यात असल्यामुळे 'यावर जरा रिसर्च करून ठेव' हे वाक्य रोज कानावर पडतं. करून ठेव म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. माणसं गूगल उघडतात, पहिल्या पानावरचे दुवे चाळतात, एकमेकांशी जुळणारं उचलून पीपीटीत टाकतात आणि खाली बारीक अक्षरात 'स्रोत: इंटरनेट' लिहून मोकळी होतात. क्लायंटही मान डोलावतो, कारण तोही तेच दुवे वाचून आलेला असतो.

यंदा ऑफिसने आमच्यातल्या काही जणांना संशोधनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. संस्थेचं नाव देत नाही, उगाच जाहिरात वाटेल (आणि ती मी ऑफिसात पुरेशी करते). पीएचडीवालं संशोधन नव्हतं. कामाच्या जागी, लिहिताना, एखादी गोष्ट बनवताना लागतं ते: बघायचं कसं, विचारायचं कसं, मिळालेलं तपासायचं कसं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच दिला नाही. शिकवणाऱ्या बाई आयुष्यभर फिल्डवर काम केलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावीकडे फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडे आपल्याला जे वाटलं ते. मग म्हणाल्या, जा लोकलमध्ये. कुणाशी बोलायचं नाही, फोन काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. आमच्यातल्या एकीने संध्याकाळच्या ठाणे स्लोमध्ये, बायकांच्या सेकंड क्लासमध्ये बसून डाव्या बाजूला लिहिलं होतं, 'दारातली बाई वैतागलेली आहे.' बाईंनी ते खोडलं. वैताग दिसत नाही म्हणाल्या, तुला दिसलं काय ते सांग. तिने आठवून आठवून सांगितलं: बाईने पर्स छातीशी धरली होती. घाटकोपर गेल्यावर आत वळून तिघींना विचारलं, कुठे उतरणार? तिघी म्हणाल्या, ठाणे. तिने परत दांडा धरला. चौथीला विचारलं नाही.

या 'चौथीला विचारलं नाही'वर पुढचा सगळा तास गेला. चौथी झोपली होती का? कानात हेडफोन होते का? तिच्या मांडीवर आधीच दुसरीची पिशवी होती, म्हणजे तिची जागा 'बुक' झालेली होती का? सीटच्या देवघेवीचे नियम कुठेच लिहिलेले नाहीत, तरी रोज लाखो बायका ते पाळतात, आणि त्यातला एक नियम इथे उघडा पडला होता. 'वैतागलेली' लिहून पुढे गेलो असतो तर हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं असतं.

नंतर प्रश्न. प्रत्येकाने संशोधनासाठी एक प्रश्न आणायचा होता. एकाने आणला, 'मुंबईतल्या खाणावळी संपत चालल्यात का?' बाईंनी त्याची सालंच काढली. संपत म्हणजे? बंद पडल्या, की पोळीभाजी केंद्र झाल्या, की डबे पाठवायला लागल्या? कुठल्या सालापासून? खाणावळ कशाला म्हणायचं? गिरणगावात घरात दहा-वीस कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायकांच्या दारावर पाटी नव्हती आणि सरकारदरबारी नोंदही नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग ज्यांची मोजणीच कधी झाली नाही त्या 'संपल्या' हे तू कशाच्या आधारावर म्हणणार? शेवटी त्याचा प्रश्न झाला: '१९८२ च्या संपाच्या काळात लालबाग-परळमध्ये खाणावळ चालवणाऱ्या बायकांनी गिऱ्हाईक गेल्यावर घर कशावर चालवलं?' याचं उत्तर शोधता येतं. त्यातल्या कित्येक बायका आज सत्तरीपंचाहत्तरीच्या आहेत, त्यांना जाऊन भेटता येतं.

आता माझा प्रश्न. हे असं शिकवून येतं का, की मुळात ज्याला खाज आहे त्यालाच येतं? इथे सर्व्हेत, पत्रकारितेत, अर्काइव्हमध्ये काम केलेले बरेच आहेत. आपापल्या धंद्यातलं लिहा. आणि पैसे भरून शिकण्यासारखं काही आहे का, तेही.

प्रश्नचिन्ह

वहीत रेघ मारायला शिकवायची फी किती घेतली? :)

ऑफिसने भरली म्हणून कौतुक आहे हो ताई. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर रिसर्च मेथडॉलॉजीचे ढीगभर कोर्स फुकट आहेत, युट्यूबवर तर विचारूच नका. जिज्ञासा असेल तर माणूस आपोआप शिकतो. नसेल तर सर्टिफिकेट भिंतीवर लागतं.

मुलुंडकरीण

@प्रश्नचिन्ह, व्हिडिओ मीही पाहिले होते, प्रशिक्षणाच्या आधीच. निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवा, हे वाक्य प्रत्येकात आहे. ऐकताना शंभर टक्के पटतं. फक्त व्हिडिओ आपली वही तपासत नाही. डावीकडे घुसलेलं 'वैतागलेली' आपल्याला स्वतःला दिसत नाही, ते दुसऱ्याने खोडावं लागतं. फीचे पैसे मी त्या खोडण्याचे धरते. बाकी स्लाइड्स, फोल्डर आणि दुपारचं बुफे नसतं तरी चाललं असतं.

खडूफळा

धाग्यासाठी धन्यवाद. कॉलेजात शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो, म्हणजेच ते प्रसिद्ध ब्लॅक बुक. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. मुलांची सगळी धावपळ बाइंडिंगवाल्याकडे. मजकुरात पहिलं प्रकरण 'प्रस्तावना', दुसरं 'उद्दिष्टे', तिसरं 'संशोधन पद्धती', आणि त्यात न चुकता लिहिलेलं असतं: 'यादृच्छिक नमुना निवड', म्हणजे कुणाचीही निवड होण्याची संधी असलेली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. प्रत्यक्षात काय, तर गूगल फॉर्म व्हॉट्सॅपवर फिरवलेला. 'प्लीज भरा ना, दोनच मिनिटं लागतील.' तो भरतात त्याच वर्गातली मुलं, एकमेकांचे. एकूण साठ जण एकमेकांचं सर्वेक्षण करतात आणि निष्कर्ष निघतो 'मुंबईतील तरुणाई'चा.

दोष मुलांना देत नाही. त्यांना प्रकरणांची नावं शिकवली जातात, काम शिकवलं जात नाही. पीएचडीला यूजीसीने २०१९ च्या सुमारास संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, चांगलंच झालं. पण तोवर आठ-दहा वर्षं उचलेगिरीची सवय लागून गेलेली असते. यूजीसीच्याच २०१८ च्या उचलेगिरीविरोधी नियमावलीत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, याचा अर्थ मुलं 'दहा टक्के कॉपी अलाउड आहे' असा लावतात.

मी आता एकच करते. फॉर्म पाठवण्याआधी पहिल्या पाच माणसांना तो समोरासमोर, मोठ्याने वाचून विचारायचा. कुठला प्रश्न ऐकून समोरचा 'म्हणजे?' म्हणतो, त्याची नोंद आणायची. अर्धे प्रश्न तिथेच गळतात.

नवखी_१९

मॅडम हे वाचून घाम फुटला, माझं ब्लॅक बुक याच वर्षी आहे :(

सर्व्हेवाला

मुलुंडकरीण, चांगला विषय. मार्केट रिसर्चमध्ये पोटापाण्याची तीसेक वर्षं काढली, तेव्हा थोडं लांबण लावतो.

प्रशिक्षणाने येतं का? येतं. पण एसी हॉलमधलं अर्धं आणि दारात उभं राहून अर्धं. आमच्या धंद्यात नवीन पोराला आधी ब्रीफिंग, मग मॉक इंटरव्ह्यू, मग सुपरवायझरबरोबर दारोदार, आणि त्यानंतर एकट्याने. एकट्याने गेला तरी काही टक्के घरांना बॅकचेक असतोच, म्हणजे दुसरा माणूस जाऊन विचारतो, 'अमुक दिवशी आमचा मुलगा आला होता का? कार्ड दाखवलं होतं का?' नाहीतर चहाच्या टपरीवर बसून दहा फॉर्म भरणारे महाभाग कमी नाहीत. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासणाऱ्या संस्थेकडून जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे चालतो, त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) देशभर ६ लाख ३६ हजारांहून जास्त घरं झाली. एवढ्या पसाऱ्यात मुलाखत घेणाऱ्याला शिकवणं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं हेच मोठं काम असतं. नाहीतर आकडा मोठा आणि आत भुसा.

आता मुंबईची खास गोष्ट, जी पुस्तकात नाही. चाळीत दार उघडं असतं. झोपडपट्टीत तर चार माणसं आपणहून गोळा होतात, एकाला विचारलं की तिघं उत्तर देतात. टॉवरमध्ये? वॉचमनच्या पलीकडे जाता येत नाही. इंटरकॉमवरून 'नॉट इंटरेस्टेड'. म्हणजे आमच्या नमुन्यात परळची चाळ नेमाने येते आणि तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरचा चाळिसावा मजला जवळपास कधीच येत नाही. कुठलाही 'मुंबईकर म्हणतात' सर्व्हे वाचताना हे लक्षात ठेवा. नुसतं 'किती जणांना विचारलं' हे विचारून भागत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने एक कोटीच्या घरात मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ आपटला. लँडन येणार म्हणाले, आले रूझवेल्ट. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधून. त्याच वेळी जॉर्ज गॅलप या सर्व्हेवाल्याने कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला.

दुसरं उदाहरण घ्या. २०११ पासून घरांचा वर्ग ठरवायला एनसीसीएस नावाची पद्धत आली. घर चालवणाऱ्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती, यावर ए१ ते ई३. पंखा, फ्रिज, टीव्ही, गाडी वगैरे ठीक. अकरांत एक आहे शेतजमीन. आता करी रोडच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या मालवणी माणसाला विचारा, शेतजमीन आहे का? 'आहे तर, गावाक.' सातबाऱ्यावर पंधरा नावं, वाटण्या झालेल्या नाहीत, भात चुलतभाऊ खातो. टिक करायची की नाही? सूचनांची पुस्तिका काही ना काही सांगतेच. पण माझ्या मते जो पोरगा तिथे अडखळला आणि फॉर्मच्या कडेला 'सामाईक, ताबा नाही' असं लिहून आला, त्याला संशोधन कळलं. आकड्यात बसत नाही ते फेकून न देता लिहून आणणं, हे शिकवता येतं. आम्ही शिकवायचो, थोडं ओरडून.

प्रश्नचिन्ह

सातबाऱ्याचा किस्सा जबरी! तरी माझा मुद्दा तसाच आहे, सर्व्हेवाले काका. तुम्ही म्हणताय ते उमेदवारी करून आलं, कोर्स करून नाही.

सर्व्हेवाला

उमेदवारीतही कुणीतरी मागे लागलेलं असतं की. मुलुंडकरीण त्यांच्या बाईंनी वही तपासल्याचं म्हणतायत तेच.

एक राहिलं. 'तुम्ही साधारणपणे' ने सुरू होणारा प्रश्न कधी विचारू नये. 'साधारणपणे पेपर वाचता का?' 'हो, रोज.' त्याऐवजी, 'काल वाचलात? कुठला? कुठे बसून?' लगेच माणूस हसतो आणि म्हणतो, काल नाही जमलं. परवाही नाही. लोक खोटं बोलत नाहीत, आपण जसे असायला हवे तसं उत्तर देतात. कालचा दिवस विचारला की जसे आहेत तसे सापडतात.

तिसरा_ड्राफ्ट

लेखनाच्या बाजूने लिहितो. मालिका आणि लघुपट लिहितो, नाव सांगण्याजोगं काही नाही.

सर्जनशील लोकांचा समज असा की संशोधन केलं की कल्पना मरते. माझा अनुभव उलटा. एका संहितेत १९७० सालच्या दादरच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसलेले दाखवले होते. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे त्या संध्याकाळी टीव्ही नाही. ठीक आहे, मग घरातली माणसं त्या वेळी करत काय होती? रेडिओ कुणाच्या खोलीत होता? चाळीत एकाकडेच असेल तर आवाज मोठा ठेवायचा की लहान, हे कोण ठरवायचं? सीन तिथून उभा राहिला, आधीच्यापेक्षा बरा. तारखेची एक दुरुस्ती केली आणि तिने नवा सीन दिला.

तसंच ट्रामचं. जुनी मुंबई दाखवायची म्हटलं की आमचे लोक ट्राम घालतातच. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. त्यानंतरच्या गोष्टीत ट्राम दिसली की जुनी माणसं चॅनल बदलतात. व्हीटीचं सीएसटी १९९६ मध्ये झालं, मग सीएसएमटी २०१७ मध्ये, तरी आजही टॅक्सीवाल्याला व्हीटीच सांगतात. संवाद लिहिताना हे सगळं लागतं.

मी एक पटकथेची कार्यशाळा केली होती, तिथे संशोधनाला अर्धा दिवस ठेवला होता. तेवढ्यात एकच कामाचं मिळालं: प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली हे त्याच क्षणी लिहायचं. पान, तारीख, कोण बोललं. नंतर लिहू म्हटलं की संपलंच. झोटेरो हे संदर्भ साठवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर साधी एक्सेल शीट. आणि मुलाखत रेकॉर्ड करत असाल तर एक तासाच्या बोलण्याला उतरवून काढायला चार तास तरी धरा. बजेटमध्ये हे चार तास कुणीच धरत नाही, आणि निर्माता तर नाहीच नाही.

कागदकिडा

वाचनखूण साठवली. सर्व्हेवाले काकांचा प्रतिसाद विशेष आवडला.

कागदपत्रांच्या बाजूचं मी सांगतो, कारण इथल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं की आपल्या गावात काय पडलंय. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. १८२१ पासूनचं कार्यालय. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, संस्था १८९८ ची. तुम्हाला गूगलवर मिळतं ते या ढिगाऱ्यातलं चिमूटभर.

पण तिथे जाऊन 'मला प्लेगबद्दल हवंय' म्हणालात तर काही मिळत नाही. सरकारी कागद विषयाने लावलेले नसतात, खात्याने आणि सालाने लावलेले असतात. महसूल, न्याय, सार्वजनिक बांधकाम, जनरल. म्हणजे आधी असा विचार करायचा की ही भानगड त्या काळी कुठल्या साहेबाच्या टेबलावर गेली असेल. मग त्या खात्याची त्या सालची सूची, मग चिठ्ठी भरून खंड मागवायचा. नवीन माणूस पहिल्या दिवशी हात हलवत परत जातो, तो यामुळेच. आणि पेशवे दप्तर शोधत मुंबईला येऊ नका, ते पुण्यात आहे.

मोडी यायला हवी. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचं प्रशिक्षण आणि परीक्षा होते, आणि व्यावसायिक प्रशिक्षणात ज्याचा रोकडा उपयोग होतो असं मी पाहिलेलं हेच एक. जमिनीच्या दाव्यांपासून जातीच्या दाखल्यांपर्यंत मोडी वाचणाऱ्याला काम मिळतं. अक्षरं काही आठवड्यांत ओळखू येतात. खरं शिक्षण पुढे, कारकुनाचं हस्ताक्षर बदललं की परत शून्यापासून.

आता प्लेगचंच घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. त्यानंतरचे मृत्यूंचे तक्ते अगदी नीटनेटके छापलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलायचे का? सरकारी पथकं घरात शिरून रोगी उचलून नेत होती, म्हणून लोक आजारी माणूस लपवत होते, मृत्यूचं कारण दुसरंच सांगत होते, आणि निम्मं शहर गावी पळालेलं. अशा वेळी 'ताप' या रकान्यात अचानक फुगलेला आकडा हाही प्लेगचाच आकडा असू शकतो. तक्ता कुणी केला, कुणाच्या भीतीने कुणी काय सांगितलं, हे वाचायला शिकलं की कागद बोलतो. हे मला एका वयस्कर अभिलेखपालाने शेजारी बसवून शिकवलं. कोर्स नव्हता, पण तपासणारं माणूस होतं, तेव्हा मुलुंडकरीण यांच्या मुद्द्याला +१.

नवखी_१९

हा सगळा शोध एआयला विचारून नाही का होणार? खरंच विचारतेय, हसू नका.

खडूफळा

हसत नाही गं. विचार, पण ते जे संदर्भ देतं ते एकेक उघडून बघ. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले जसेच्या तसे दाखल केले. त्यातले कित्येक खटले कधी झालेच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. नावं, साल, पान, सगळं अगदी खऱ्यासारखं होतं. शब्द सुचवायला, कुठल्या खात्यात शोधू ते विचारायला, इंग्रजी अहवालाचा गोषवारा घ्यायला ठीक आहे. ग्रंथालयाची पायरी मात्र चढावीच लागते.

प्रश्नचिन्ह

बरं, अर्धी हार मानतो. तपासणारा लागतो, मान्य. पण तो पैसे देऊनच मिळतो का? मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी सुरू केलेली 'पुकार' ही संस्था इथेच मुंबईत वस्त्यांमधल्या मुलामुलींचे गट करून त्यांच्याकडून त्यांच्याच वस्तीवर वर्षभर संशोधन करून घेत आली आहे. शिक्षणाची अट नाही, पदवीची नाही. अप्पादुराईंनी 'संशोधनाचा हक्क' म्हणून मांडणीच केली होती २००६ मध्ये, की माहिती शोधता येणं ही विद्यापीठवाल्यांची मक्तेदारी नव्हे, प्रत्येक नागरिकाला ते यायला हवं. ऑफिसवाल्या कार्यशाळांना हे परवडणार आहे का? एका वीकेंडच्या फीत नाक्यावरच्या मुलाचं वर्ष निघेल.

मुलुंडकरीण

हे पूर्णपणे मान्य. आमच्या वर्गात फी स्वतःच्या खिशातून भरलेलं एकही माणूस नव्हतं, हे मलाही खटकलं होतं. सगळे कंपनीने पाठवलेले. त्यामुळे वर्गात येणारे प्रश्नही कंपनीचेच, 'ग्राहक'च्या पुढे जाईनात. खाणावळीचा एक सोडला तर बाकी बहुतेक शाम्पू आणि विमा.

सर्व्हेवाला

मग इथेच करू की. नवखी, तुझा ब्लॅक बुकचा विषय टाक इथे. आम्ही खोडतो. फुकट.

नवखी_१९

टाकते. 'मुंबईतील वडापाव विक्रेत्यांवर डिजिटल पेमेंटचा परिणाम.' मॅडम हळू मारा.

खडूफळा

'मुंबईतील' खोड. तुझ्या कॉलेजपासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावरच्या गाड्या घे, तेवढं पुरे. 'परिणाम' म्हणजे काय ते लिही: विक्री वाढली? सुट्ट्याची कटकट गेली? उधारी कमी झाली?

मुलुंडकरीण

आणि पैसे कुणाच्या हातात येतात ते बघ. गाडीवर उभी राहणारी बाई वेगळी, खातं मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आधी गल्ला तिच्या कमरेच्या पिशवीत होता. आता 'वीस रुपये प्राप्त हुए' असं स्पीकर ओरडतो तिच्यासमोर, आणि पैसे जातात दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये. रात्री हिशेब कोण करतं? भाजीवाल्याला, पाववाल्याला रोख कुठून देते? मला तुझ्या विषयात हे सगळ्यात रोचक वाटतं, आणि गूगल फॉर्मवर ते कधीच येणार नाही.

तिसरा_ड्राफ्ट

हा तर माझा पुढचा लघुपट आहे. नवखी, आधी तू कर, मग मी पैसे देऊन वाचीन.

सर्व्हेवाला

संध्याकाळी सहानंतर जाऊ नकोस, तेव्हा गिऱ्हाइकाची झुंबड असते, तुला हाकलतील. दुपारी साडेतीन-चारला बटाटे सोलायचे चालू असतात तेव्हा जा. पहिल्या दिवशी खा आणि बघ, वही काढू नकोस. दुसऱ्यांदा कॉलेजचं ओळखपत्र दाखवून स्पष्ट सांग की अभ्यासासाठी विचारतेय, नाव लिहिणार नाही. उत्पन्न किती हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. 'काल किती पाव आणले होते?' हे विचार, ते सांगतात. त्यावरून तू काढशील.

नवखी_१९

काका, परवान्याचंही विचारायचं नाही ना?

सर्व्हेवाला

अजिबात नाही. महापालिकेची माणूस समजून गाडीच हलवतील. शिवाय उत्तर कागदावर आहे, त्याला त्या बाईला कशाला घाबरवायचं? आपले @अर्जदार कुठे गेले, त्यांनी सांगावं.

अर्जदार

आलो. माहिती अधिकारात वॉर्ड ऑफिसला अर्ज टाक. कायदा २००५ चा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. 'फेरीवाल्यांना परवाने का देत नाही?' असं विचारू नकोस. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, त्यांच्याकडे असलेला कागद द्यायला बांधील आहेत. म्हणून असं लिही: अमुक रस्त्यावर अमुक तारखेला वैध परवाना असलेल्या फेरीवाल्यांच्या यादीची प्रत द्यावी. जमल्यास फाइल पाहण्याची परवानगीही माग, कायद्याने तो हक्क आहे, आणि फाइल चाळताना यादीपेक्षा जास्त कळतं. प्रतीचे पानाला २ रुपये.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्यालाही ३० दिवसांची मुदत. तुझी सबमिशनची तारीख बघ आणि अर्ज याच आठवड्यात टाक. हाताने देणार असलीस तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच खिडकीपासून हल, मुदत तिथून मोजली जाते.